रोटरी इंजिनची गाडी ट्यून करणं आणि ड्रॅगला पळवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिडनीच्या पश्चिमेला राहतो, गॅरेजमध्ये माझ्दाची सिरीज ५ ची आरएक्स-७ आहे, १३बी नावाच्या दोन रोटरच्या टर्बो इंजिनवाली, आणि शनिवार-रविवार बहुतेक तिच्यात नाहीतर मित्राच्या आरएक्स-३ मध्ये जातात. पुण्यातून, कोल्हापुरातून, इकडे मेलबर्न-ऑकलंडमधून मराठी मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ड्रॅग म्हणजे दोन गाड्यांची सरळ पट्टीवरची ४०२ मीटरची शर्यत. आकडे इथल्या पंपावरच्या ९८ ऑक्टेन पेट्रोलच्या हिशोबाने आहेत, तुमच्याकडे पेट्रोल वेगळं असेल तर ते जसेच्या तसे उचलू नका.

रोटरीत पिस्टनच नसतात, मग आत फिरतं काय?

तीन बाजूंचा एक जाडजूड रोटर. तो मधोमध किंचित दबलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये फिरतो आणि त्याची तिन्ही टोकं कायम हाउसिंगला घासत असतात. त्या टोकांवर पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना अपेक्स सील म्हणतात, आणि या इंजिनचं सगळं सुखदुःख त्या पट्ट्यांवर आहे. रोटरच्या तिन्ही बाजूंना तीन वेगळे चेंबर, एकात हवा-पेट्रोलचं मिक्श्चर आत येतंय तेव्हा दुसऱ्यात दाबलं जातंय नाहीतर जळतंय आणि तिसऱ्यातून धूर बाहेर पडतोय, सगळं एकाच वेळी. व्हॉल्व नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. रोटरचा एक फेरा होतो तेवढ्यात मधला एक्सेन्ट्रिक शाफ्ट तीन फेरे मारतो, म्हणजे मीटरवर ९००० आरपीएम दिसतात तेव्हा रोटर स्वतः ३००० नेच फिरत असतो.

मूळ कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची. एनएसयू या जर्मन कंपनीने १९६४ मध्ये ती पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत घातली, पण तग धरला तो माझ्दानेच. १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट ही त्यांची पहिली. त्या आधी माझ्दाचे इंजिनिअर केनिची यामामोतो आणि त्यांची टीम कित्येक वर्षं एकाच गोष्टीशी झगडत होती. सील थरथरायचे आणि हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावर आडवे ओरखडे पडायचे, ज्यांना ते लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे.

१.३ लिटरच्या इंजिनातून एवढी पॉवर कशी काय निघते?

१३बी मध्ये एका चेंबरचं माप ६५४ सीसी, रोटर दोन, म्हणून कागदावर १३०८ सीसी. पण साधं चार स्ट्रोकवालं पिस्टन इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटवतं, आणि रोटरीत शाफ्टच्या दर फेऱ्याला दर रोटरमागे एकदा जळण होतं. तेव्हा त्याच दोन फेऱ्यांत १३बी चार चेंबर जाळून मोकळं होतं, २६१६ सीसी हवा गिळली म्हणा ना. म्हणून तुलना २.६ लिटरच्या इंजिनाशी करा, मग तिचं पेट्रोल पिणं पण समजतं. वर हे इंजिन दोन माणसं उचलून ठेवतील एवढं लहान, पुढच्या चाकांच्या मागे आणि खाली बसतं, आणि एक्झॉस्ट इतका गरम आणि जोरात बाहेर पडतो की टर्बोला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, त्याच्यापेक्षा चांगलं खाद्य मिळायचं नाही.

सुरुवात कुठल्या गाडीपासून करावी?

खिसा बघून. आरएक्स-२ आणि आरएक्स-३ सत्तरच्या दशकातल्या, वजन ९०० किलोच्या आसपास, ड्रॅगला याच सगळ्यात लाडक्या, पण आता चांगली बॉडी मिळणं कठीण आणि मिळाली तर भाव ऐकून गप्प बसावं लागतं. पहिल्या पिढीची आरएक्स-७, १९७८ ते ८५ ची, हलकी आणि सरळ, मागे सॉलिड अ‍ॅक्सल असल्यामुळे ड्रॅगला सोयीची. दुसरी पिढी, म्हणजे एफसी, फॅक्टरीतूनच टर्बो घेऊन आली आणि माझ्या मते नवख्याने हीच घ्यावी, पार्ट मिळतात आणि इंजिन बेमध्ये हात घालायला जागा आहे. तिसरी पिढी, म्हणजे एफडी, दिसायला अप्रतिम आहे पण तिचे दोन सिक्वेन्शियल, म्हणजे एकामागून एक चालू होणारे, टर्बो आणि त्यांच्या व्हॅक्यूम पायपांचं जाळं समजून घेण्यातच वेळ जातो, शेवटी बहुतेक जण ते सगळं काढून एकच मोठा टर्बो लावतात.

आरएक्स-८ स्वस्त मिळते म्हणून लोक भुलतात. तिच्या रेनेसिस इंजिनाचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये आहेत, कॉम्प्रेशन १०:१, मोठा टर्बो लावायला ते बनवलेलंच नाही. बॉडी आणि सस्पेन्शन मात्र उत्तम, म्हणून कित्येक जण आत जुनं टर्बो १३बी बसवतात.

ड्रॅगमध्ये रोटरीचं एवढं वेड नेमकं कुठे आहे?

पोर्तो रिको, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पोर्तो रिको तर रोटरी ड्रॅगचं माहेरघर, एवढंसं बेट, पण तिथे टोयोटाच्या जुन्या कोरोला आणि स्टारलेटमध्ये १३बी घालायची पद्धत इतकी रुजली की आता तो तिथला स्वतंत्र पंथच आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरच्या दशकात माझ्दाच्या रोटरी गाड्या भरपूर विकल्या गेल्या, १९८३ ची ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चॅम्पियनशिप अ‍ॅलन मॉफॅटने आरएक्स-७ घेऊन जिंकली, ९२ ते ९४ अशी सलग तीन वर्षं बाथर्स्टची बारा तासांची रेस आरएक्स-७ ने मारली. सिडनीत ग्रीक, लेबनीज, इटालियन घरांतल्या पोरांनी बापाच्या शेडमध्ये ही इंजिनं उघडून शिकून घेतली. हॅलटेक, मायक्रोटेक हे ईसीयूवाले, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर बनवणारे, इथलेच आणि रोटरीवाल्यांना अगदी जवळचे. ईस्टर्न क्रीकचा सिडनी ड्रॅगवे, ब्रिस्बेनजवळचं विलोबँक, तिकडे न्यूझीलंडमध्ये मेरेमेरे, कुठेही जा, रोटरी स्टेजिंग लेनमध्ये, म्हणजे रेसच्या रांगेत, शिरली की माणसं न बघता ओळखतात.

सेकंडहँड रोटरी घेताना काय तपासायचं?

कॉम्प्रेशन, बाकी सगळं नंतर. आणि इथेच लोक फसतात. साध्या कॉम्प्रेशन गेजचा काटा सगळ्यात जास्त आकड्यावर अडकून बसतो, म्हणजे एका रोटरच्या तीन बाजूंपैकी दोन मेलेल्या असतील आणि एक ठणठणीत असेल तरी गेज चांगलंच दाखवणार. रोटरीसाठी खास टेस्टर मिळतो, तो तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे देतो आणि २५० आरपीएमच्या हिशोबात बसवून देतो. तो नसेल तर साध्या गेजचा व्हॉल्व दाबून धरा, तो रोटरच्या एकाच प्लगच्या जागी लावा, एक्सलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि काटा कसा उडतो ते बघा. तीन सारखे ठोके पडले पाहिजेत, फुस फुस फुस, एका लयीत. फुस फुस आणि मधेच गाळा, असं ऐकू आलं की एक सील गेलाय, विकणारा काहीही सांगो. ढोबळ नियम असा की आकडा ६ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या खाली गेला किंवा एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीडपेक्षा जास्त फरक आला की इंजिन उघडायची वेळ आली. हे इंजिन गरम असतानाच करा आणि बॅटरी फुल चार्ज हवी, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

मग गरम गाडी बंद करून पाच मिनिटांनी परत सुरू करून बघा. थकलेली रोटरी थंडीत सुरू होते आणि गरम झाल्यावर नुसती स्टार्टर खात बसते. आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले नाहीतर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर आला तर कूलंट सील गेलेत, तिथूनच परत फिरा.

रोटरी लवकर फुटते हे खरं आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला त्याचं उत्तर नीट द्यायचंय, कारण या इंजिनाची बदनामी बऱ्याच अंशी आपल्यासारख्या मॉडिफाय करणाऱ्यांनीच केलीय. १९९१ साली माझ्दाची चार रोटरची रेस गाडी ७८७बी ले मान्सला २४ तास पळून जिंकली आणि तिच्या इंजिनाने कुरकुर केली नाही. म्हणजे रचनेत खोट आहे असं कोणी म्हणू नये. मरण येतं ते दोन वाटांनी.

पहिली म्हणजे डेटोनेशन, यालाच नॉकिंग पण म्हणतात. मिक्श्चर प्लगने पेटवायच्या आधी किंवा पेटल्यावर उरलेलं मिक्श्चर दाबाने आपोआप भडकलं की धक्का बसतो. पिस्टन इंजिन असे थोडे धक्के सहन करून जातं, रोटरीत तो धक्का थेट दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या सीलवर येतो. मूळ कंपनीचे सील कास्ट आयर्नचे, कडक, त्यामुळे ते वाकत नाहीत, तुकडा पडतो, तो तुकडा हाउसिंग खरवडत एक्झॉस्टमधून टर्बोच्या पंख्यात जातो आणि एका सेकंदात तुमचा सील, हाउसिंग, रोटर आणि टर्बो चारही गेले. हे होताना फार मोठा आवाजही येत नाही, गाडी फक्त एकदम मंदावते आणि मग आयडलला लंगडते.

दुसरी वाट उष्णतेची. रोटरीत जळण नेहमी हाउसिंगच्या एकाच बाजूला होतं, ती बाजू कायम तापलेली आणि समोरची इनटेकची बाजू कायम थंड, पिस्टनसारखं आळीपाळीने गार व्हायला मिळत नाही. इंजिन म्हणजे लोखंडाची प्लेट, अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, परत प्लेट, असे पाच थर लांब बोल्टांनी आवळलेले, आणि दोन धातू वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात. एकदा ओव्हरहीट झालं की मधले रबरी कूलंट सील गेलेच समजा. शिवाय रोटर आतून ऑइलनेच थंड होतो, त्यामुळे ऑइल कूलर हा रेडिएटरइतकाच महत्त्वाचा, आणि लोक पैसे वाचवायला नेमका तोच टाळतात.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे लावायचा क्रम बदला. आधी कूलिंग, मग पेट्रोल पुरवठा, मग इग्निशन, मग सेन्सर आणि लॉगिंग (सेन्सरचे आकडे नोंदवून ठेवणं), आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, सगळ्यात शेवटी. ज्यांची इंजिनं वर्षानुवर्षं टिकलीत ते सगळे हाच क्रम पाळतात. ज्यांची पहिल्याच डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) गेली त्यांनी टर्बो आधी विकत घेतलेला असतो.

पोर्टिंग कुठलं करू? मला तो ब्रॅप ब्रॅप आवाज हवाय.

आवाजासाठी पोर्टिंग करू नका, अगदी मनापासून सांगतो. पोर्ट म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या खिडक्या, त्या घासून मोठ्या केल्या की उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते. स्ट्रीट पोर्टमध्ये मूळचीच खिडकी थोडी वाढवतात, आयडल बऱ्यापैकी राहतं, रोजच्या गाडीला आणि दहा-अकरा सेकंदांच्या टर्बो गाडीलाही पुरतं. ब्रिज पोर्टमध्ये मूळ पोर्टच्या बाजूला आणखी एक फट कापतात आणि मधे सीलना आधार द्यायला लोखंडाची बारीक पट्टी सोडतात. आता इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे असण्याचा वेळ वाढतो, कमी आरपीएमला जळालेला धूर मिक्श्चरमध्ये मिसळतो, एखादं जळण चुकतं, एखादं जोरात होतं, आणि त्यातूनच तो आवाज येतो. पेरिफेरल पोर्टमध्ये इनटेक थेट हाउसिंगमधूनच आत आणतात. वरच्या आरपीएमला त्याच्यासारखी हवा दुसरं काही देत नाही, पण खाली ओढ शून्य, ट्रॅफिकमध्ये चालवणं म्हणजे शिक्षा.

टर्बो लावणार असाल तर चांगला स्ट्रीट पोर्ट किंवा फार तर सेमी पीपी, म्हणजे मूळ पोर्ट ठेवून जोडीला लहान पेरिफेरल पोर्ट. दोन्ही टोकं एकदम मारायला जाऊ नका.

पेट्रोलचं गणित कसं करायचं?

हे प्रत्येकाने कागदावर करावं, माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची अर्ध्या तासाची मेहनत आहे. टर्बो रोटरीला दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण ०.६ पौंड पेट्रोल लागतं असं धरा. ५०० हॉर्सपॉवर म्हणजे ताशी ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो, म्हणजे १८० लिटरच्या वर, मिनिटाला तीन लिटर. आता एफडीचे मूळ इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बघा, दोन ५५० सीसीचे आणि दोन ८५० चे, सगळे मिळून मिनिटाला २८०० सीसी, ते पण शंभर टक्के उघडे ठेवले तर, आणि इंजेक्टर ८० ते ८५ टक्क्यांच्या वर चालवायचे नसतात. म्हणजे ५०० चं स्वप्न बघताना मूळ इंजेक्टर ३९० च्या आसपासच हात वर करतात. पंप, फिल्टर, पायपाची जाडी, रेग्युलेटर, सगळं या एका आकड्यावरून ठरतं.

ई८५, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन, मिळत असेल तर जरूर वापरा, नॉकिंगची भीती खूपच कमी होते आणि चेंबर थंड राहतात, पण त्याच पॉवरला तीस ते चाळीस टक्के जास्त इंधन लागतं. मोठ्या ड्रॅग गाड्या मिथेनॉलवर पळतात. पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला फक्त ६.४, म्हणजे इंधन दुपटीहून जास्त ओतायचं, म्हणून तिथे इंजेक्टरच्या दोन-दोन रांगा किंवा मेकॅनिकल पंप दिसतात. मिथेनॉलची आग दिवसा उजेडात डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, हे पिटमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलंच पाहिजे.

प्रीमिक्स करायचं का?

हो. माझ्दाने इंजिन ऑइलच थोडं थोडं चेंबरमध्ये सोडायला मीटरिंग पंप दिलाय, सील त्याच्यावर सरकतात. पण इंजिन ऑइल जळण्यासाठी बनवलेलं नसतं, कार्बन धरतं. म्हणून टाकीत चांगलं टू स्ट्रोक ऑइल मिसळतात, आपल्याकडे ज्यांनी यामाहा आरएक्स १०० चालवलीय त्यांना टूटी ऑइल आणि तो वास नव्याने सांगायला नको. मीटरिंग पंप चालू असेल तर २०० ला १, काढून टाकला असेल तर १०० ला १ च्या आसपास, आणि रेसला त्याहून जास्त. पंप काढलाय आणि प्रीमिक्स विसरलात तर सील कोरडे घासतील, तेव्हा डिकीत एक बाटली कायम असू द्या.

मिक्श्चर आणि टायमिंग किती ठेवायचं?

आकडा सांगतो पण तो सुरुवातीचा आहे, शेवटचा नाही. पेट्रोलवर पूर्ण बूस्टमध्ये एअर-फ्युएल, म्हणजे एक भाग पेट्रोलमागे हवेचे भाग, ११ ते ११.५, १४.७ ला भागलं की लॅम्डा ०.७५ ते ०.७८. पिस्टनवाल्यांना हे फारच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, वाटतं, पण जास्तीचं पेट्रोल चेंबर थंड ठेवतं आणि रोटरी रिच असली तर फक्त आळसावते, लीन झाली, पेट्रोल कमी पडलं, तर संपते.

इग्निशन समजून घ्या. प्रत्येक हाउसिंगला दोन प्लग, खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. चेंबर लांबट आणि चपटा असल्यामुळे एका प्लगची ज्योत सगळीकडे वेळेत पोचत नाही म्हणून दोन. खरं काम लीडिंग करतो, ट्रेलिंग काही अंश मागून पेटतो, या फरकाला स्प्लिट म्हणतात. साधारण एक बार बूस्टला लीडिंग १० ते १५ अंश आणि स्प्लिट १० अंश, इथून सुरुवात करा आणि टायमिंग एकेका अंशानेच वाढवा, टॉर्क वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा. बूस्टमध्ये स्प्लिट शून्याकडे नेऊन थोडी पॉवर मिळते पण त्या थोड्यासाठी धोका फार मोठा आहे, ते अनुभवी ट्यूनरवर सोडा.

डायनोवर उभं राहून हॉर्सपॉवरचा आकडा बघायच्या ऐवजी लॉग बघा. लॉगमध्ये आधी फ्युएल प्रेशर बघायचं. बूस्ट एक पीएसआय वाढला की फ्युएल प्रेशर पण एक वाढलं पाहिजे, दोन रेषा समांतर चढल्या पाहिजेत. ७००० च्या पुढे बूस्टची रेषा सरळ आणि प्रेशरची किंचित खाली झुकायला लागली की पाय काढायचा, एअर-फ्युएल अजून ठीक दिसत असलं तरी, कारण पुढच्या रनला हवा थंड असेल, दाट असेल आणि तेव्हा ते ठीक राहणार नाही. मग इनटेकचं तापमान, मग एक्झॉस्टचं. दोन्ही रोटरचे एक्झॉस्ट सेन्सर वेगळे लावा, रोटरीत ९०० अंश सेल्सिअस सहज दिसतं, पण दोन रोटरमध्ये मोठा फरक पडला तर एखादा इंजेक्टर अर्धवट चोक आहे.

प्लग कुठले?

एफडीला कंपनीकडून लीडिंग ७ आणि ट्रेलिंग ९ नंबरचे येतात, एनजीके या प्लगच्या कंपनीच्या हिशोबात, तिथे नंबर जितका मोठा तितका प्लग थंड. बूस्ट वाढवला की चारही ९, आणि ड्रॅगला १० किंवा ११. जितके थंड तितके आयडलला काळे पडणार, ते चालवून घ्यायचं. प्रत्येक रेसच्या दिवशी एक सेट जादा ठेवा आणि रन झाल्यावर काढून उजेडात बघा, पांढऱ्या पोर्सिलेनवर चकाकते बारीक ठिपके दिसले तर ते वितळलेल्या धातूचे आहेत, गाडी ट्रेलरवर चढवायची.

डॉवेल, बिलेट प्लेट, सिरॅमिक सील, हे सगळं लागतं का?

पॉवरवर आहे. जास्त टॉर्कला ते पाच थर एकमेकांवर किंचित पिळले जातात, म्हणून जादा पिना बसवतात, त्यालाच डॉवेलिंग म्हणतात. तरीही मागची कास्ट आयर्नची प्लेट डॉवेलच्या जागी तडकते, हे १३बी चं जुनं दुखणं आहे, आणि म्हणूनच मोठ्या पॉवरच्या गाड्या आता ठोकळ्यातून कापलेल्या बिलेट प्लेट वापरतात. रोडवरच्या ३५०-४०० च्या गाडीला यातलं काही लागत नाही.

सीलबद्दल दोन पंथ आहेत आणि भांडणं कायमची. कंपनीचे सील हाउसिंगला जपतात पण नॉकिंगला तुटतात. मऊ स्टीलचे सील तुटायच्या ऐवजी वाकतात, त्यामुळे बाकीचं इंजिन वाचतं, पण हाउसिंग लवकर झिजतं. ड्रॅगला मी मऊ स्टीलच्या बाजूने आहे, कारण हाउसिंगच्या किमती वर्षागणिक चढतायत आणि तुकडा उडून गेलेलं हाउसिंग परत मिळत नाही. सिरॅमिक महाग, हलके, उत्तम, पण ट्यून बिनचूक असणाऱ्यांसाठी.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल टिकतात का?

स्लिक, म्हणजे खाचा नसलेले, टायर लावून लाँच केलं, लाइनवरून जोरात सुटलात, की नाही टिकत. माझ्दाचा मूळ पाच गिअरचा बॉक्स रस्त्याला ठीक. ड्रॅगला आता बहुतेक जण पॉवरग्लाइड किंवा टर्बो ४०० ऑटोमॅटिक लावतात आणि मागे फोर्डचा नऊ इंची डिफ. रोटरीला खाली टॉर्क नसतो, त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टर तिला लाँच लाइनवरच बूस्टमध्ये आणून ठेवतो, ही ऑटोमॅटिकची मोठी सोय.

ट्रॅकवर पहिल्यांदा जातोय, नेमकं काय होतं?

आधी तपासणी, मग रांग. तुमचा नंबर आला की पाण्यावरून मागची चाकं नेऊन बर्नआउट, टायर गरम आणि स्वच्छ करायला. साधे रोडचे टायर असतील तर पाणी बाजूने चुकवून जा, खाचांमध्ये भरलेलं पाणी लाइनवर गळतं आणि मागच्यांचा पण खोळंबा होतो. मग सावकाश पुढे. पहिला दिवा प्री-स्टेजचा, आणखी काही इंच पुढे सरकलं की स्टेजचा. दोघेही स्टेज झाले की झाड, म्हणजे समोरचा दिव्यांचा खांब, सुरू होतं. साध्या झाडावर तीन पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने, प्रो झाडावर तिन्ही एकदम आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरवा बघून निघालात तर उशीर झालेला असतो, साध्या झाडावर शेवटच्या पिवळ्याला पाय सोडायचा.

घड्याळ मात्र तुमचं चाक हललं की सुरू होतं, म्हणून रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा आणि ४०२ मीटरला लागलेला वेळ, म्हणजे ईटी, वेगळा. रननंतर मिळणाऱ्या स्लिपवर पहिल्या साठ फुटांचा आकडा शोधा. शेवटचा वेग तुमची पॉवर सांगतो आणि साठ फूट तुमचं लाँच. साठ फुटांत दहावा हिस्सा सेकंद वाचवला की शेवटी त्याच्या दीडपट तरी वाचतो, म्हणून आधी टायरचं प्रेशर, शॉक, लाँच आरपीएम यांच्याशी खेळा, बूस्टला हात लावू नका. मूळ अवस्थेतली एफडी चौदा सेकंदांच्या आसपास जाते, नीट बांधलेली रोडची टर्बो गाडी दहा-अकरात, आणि जगातल्या वरच्या रोटरी गाड्या सहा सेकंदांच्या आसपास आहेत.

लाइनवर उभी असताना ती तडतड कशाची?

टू स्टेप. लाँचचा आरपीएम ठरवून ईसीयू काही स्पार्क गाळतो आणि टायमिंग मागे खेचतो, न जळलेलं मिक्श्चर एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि टर्बो उभ्या जागी फिरायला लागतो. दिवाळीत बंद गल्लीत लवंगी फटाक्यांची माळ लावल्यासारखा आवाज. दोन-तीन सेकंदांच्या वर धरू नका, टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालबुंद होतात.

सेफ्टीसाठी काय काय लागतं?

तुमच्या ट्रॅकची रूलबुक वाचा. अमेरिकेतली ड्रॅगची संघटना एनएचआरए, तिच्या नियमांत जुन्या गाड्यांना ढोबळपणे असं आहे की १३.९९ किंवा त्याहून जलद गेलात की हेल्मेट, ९.९९ ला रोल केज, ताशी १५० मैलांना पॅराशूट. माझं मत विचाराल तर हेल्मेट आणि आग विझवायचा सिलिंडर पहिल्या दिवसापासून, वेळ कितीही लागो. आणि रस्त्यावर रेस लावू नका. इथे पोलीस गाडी जप्त करतात हा मुद्दा वेगळाच, रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाने तुमच्या रेसमध्ये नाव दिलेलं नसतं.

भारतात हे करता येईल का?

माझ्दाने भारतात रोटरी गाडी कधी विकलीच नाही, आपल्याला माझ्दा हे नाव माहीत झालं ते स्वराज माझ्दाच्या मिनीबस आणि ट्रकमुळे. त्यामुळे तुरळक कोणी आणलेली गाडी सोडली तर पार्ट, ट्यूनर, हाउसिंग सगळं बाहेरून मागवावं लागणार. दुसऱ्या गाडीत रोटरी घालायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ड्रॅगची हौस मात्र भागवता येते, लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन झालीय, तिथे पोलो, ऑक्टाव्हिया, जुन्या सिटीवाल्यांनी काय काय करून दाखवलंय ते बघा. लाँच करणं, झाड वाचणं, लॉग बघणं हे सगळं कुठल्याही गाडीवर शिकता येतं.

गाडी धुवायला दोन फूट पुढे घेतली आणि आता सुरूच होत नाही, काय झालं?

फ्लड झाली. थंड रोटरी सुरू करून लगेच बंद केली की आत जास्तीचं पेट्रोल राहतं, ते सीलवरची ऑइलची पातळ फिल्म धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन पडतं. आता नुसता स्टार्टर मारत बसलात तर आणखी पेट्रोल जाणार. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, प्लगचा स्पार्क पण तोडून ठेवा, चारही प्लग काढा, एक्सलरेटर पूर्ण दाबून थोडा वेळ स्टार्टर मारा म्हणजे आतलं पेट्रोल उडून जाईल, भोकांसमोर तोंड घेऊन उभे राहू नका आणि आसपास विडी-सिगारेट नको. मग प्रत्येक हाउसिंगमध्ये चमचाभर टू स्ट्रोक ऑइल सोडा, स्टार्टरने थोडं फिरवा, कोरडे प्लग लावा, फ्यूज लावा आणि सुरू करा. धूर भरपूर येईल, येऊ दे. एकदा सुरू झाली की टेंपरेचरचा काटा हलेपर्यंत बंद करायची नाही.

ट्रॅकवर पण हेच लक्षात ठेवा, पिटमधून लेनपर्यंत थंड गाडी ढकलत न्या किंवा नीट गरम करूनच चालवत न्या.